उकाड्याचा निरोप

रंगाऱ्याला खोटं बोलता येत नसे. तो काही संत नव्हता. गिऱ्हाइकाला "उद्या येतो" सांगून परवा उगवणं हे त्याच्या धंद्यात कुणी खोट्यात धरतही नाही. पण माणसाच्या तोंडावर साधी थाप मारायची वेळ आली, की त्याचे कान लालबुंद व्हायचे आणि जीभ टाळूला चिकटायची. "तुमच्या पोटात काय आहे ते कानावर छापून येतं," असं त्याची बायको म्हणायची, आणि लग्नाच्या एवढ्या वर्षांत तिने त्या कानांचा पुरेपूर फायदा उठवला होता.

एका विषयावर मात्र तो कुणाशीही, कितीही वेळ बोलू शकायचा. तो विषय म्हणजे हवा. त्याचं पोटच तिच्यावर होतं. समुद्राकाठच्या गावात बाहेरच्या भिंती रंगवायच्या म्हणजे हवेची मर्जी सांभाळणं आलं. पावसाळ्यात काम बंदच. थंडीत सकाळी भिंती दवाने ओल्या. आणि उन्हाळा नीट तापला, की रोलर फिरवून मागे वळावं तोवर रंग सुकून पट्टे उठलेले. म्हणून थंडी सरल्यापासून उन्हाळा लागेपर्यंतचे जे थोडे दिवस असतात, झाडांना कोवळी पालवी, वाऱ्यात अजून चिकटपणा आलेला नाही, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं, त्या दिवसांवर त्याचं अख्खं वर्ष चालायचं. रेडिओवरचा अंदाज तो ऐकायचा, फोनवरचा बघायचा, आणि त्या दोघांचं आपसात जमलं नाही तर दारात उभा राहून, नाक वर करून, तिसरा स्वतःचा काढायचा.

"आमच्याकडे घरचीच वेधशाळा आहे," बायको शेजारणींना सांगायची. गल्लीने ते नाव उचललं. वेधशाळा कामाला निघाली, वेधशाळेला सर्दी झाली, असं लोक बोलायचे, आणि तोही हसून घ्यायचा.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिच्या लग्नानंतरही सुटलं नाही. ती लांब, समुद्र नसलेल्या शहरात राहत होती. बसने जायला दिवसाचा मोठा तुकडा लागे. तिथे ती चष्म्याच्या दुकानात काचा तपासायचं काम करायची. नवरा स्वभावाने गरीब होता. वर्षभरापूर्वी त्यांना मुलगी झाली, तेव्हा आई मदतीला म्हणून तिच्याकडे गेली होती, आणि तिथेच माशी शिंकली.

गोष्ट म्हटली तर काहीच नव्हती. बाळाला किती कपडे घालायचे, यावरून सुरुवात झाली. आई एक झबलं चढवायची, भिंगरी ते काढायची. आई म्हणाली, "मी काय पोर वाढवलेलं नाही?" भिंगरीला कित्येक रात्री झोप नव्हती. ती म्हणाली, "तू वाढवलंस तसं मला वाढवायचं नाहीये." बोलायला एक क्षण लागला, पण ते बाण सुटल्यासारखं होऊन बसलं. आई ठरल्यापेक्षा आधीच पिशवी उचलून परत आली. भांडण असं झालं नाही. मग रविवारचा फोन तेवढा उरला, आणि तोही बापलेकीचा. बाप आणि लेक बोलणार काय? हवा. "तिकडे काय म्हणतेय हवा, बाबा?" "दोन दिवस ढग, मग मोकळं. तुमच्याकडे?" आई शेजारी बसून ऐकायची. तिकडे भिंगरीला ठाऊक असायचं, की आई ऐकतेय. दोघी एकमेकींच्या श्वासाच्या अंतरावर असायच्या, आणि मध्ये हा बिचारा वाऱ्याची दिशा सांगत बसायचा.

म्हणून त्या रविवारी भिंगरी जे म्हणाली, ते ऐकून त्याच्या हातून फोन सुटायचाच बाकी राहिला.

"बाबा, मी येऊ म्हणते तिकडे. बाळाला घेऊन. चार-पाच दिवस." जरा थांबून ती म्हणाली, "आईला चालेल ना?"

त्याने बायकोकडे बघितलं. ती तोंडावर पदर दाबून पलंगावर बसली होती, आणि डोळे भरून आले होते. ती मान हलवत होती, हो, हो, हो.

"चालेल म्हणजे? अगं, ये ना!"

"पण बाळाला उकाडा अजिबात सोसत नाही. लगेच अंगावर पुरळ येतं. पुढच्या आठवड्यात हवा कशी असेल ते बघून सांगा, मग तिकीट काढते. एक-दोन दिवसांत सांगा."

फोन ठेवल्यावर बायकोने आधी रडून घेतलं, मग हसून घेतलं, आणि मग खोकत सुटली. खोकला तिला आठवडाभर होताच. त्यात काही नवल नव्हतं. त्या दिवसांत गल्लीत घरटी एक जण खोकत होता. पण संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. शेजारी निवृत्त झालेल्या नर्सबाई राहायच्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. त्यांनी येऊन पाठीला कान लावला आणि त्यांचं तोंड बारीक झालं. सकाळी डॉक्टर आले. फुप्फुसाला सूज आहे म्हणाले. इंजेक्शनं लिहून दिली, पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सिस्टरने द्यायची. दवाखान्यात हलवायची सध्या तरी गरज दिसत नाही, पण श्वास वाढला तर क्षणभरही थांबायचं नाही.

"लहान मूल घरात नको," डॉक्टर जाता जाता म्हणाले. "हे पसरतं."

डॉक्टरांची पाठ वळली तशी बायकोने रंगाऱ्याचं मनगट धरलं. "ऐकलंत ना? तिला सांगा, या आठवड्यात येऊ नकोस."

"सांगतो. आई आजारी आहे म्हणून—"

"अहो, ते नाही सांगायचं!" ती एवढ्या जोरात बोलली की तिला ढास लागली. तो पाण्याचा पेला धरून उभा राहिला. दम परतल्यावर ती हळू आवाजात बोलू लागली. "आजारी म्हटलंत तर ती तशीच उठेल, पोर काखेत मारून धावत येईल. ओळखत नाही का तुम्ही तिला? आणि पोराला हे लागलं तर मी काय तोंड दाखवू?"

"मग एकटी ये म्हणतो."

"दूध पिणारं पोर टाकून? काय तरी बोलता." ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली. "आणि दुसरं सांगू का? वर्षाने तिला यावंसं वाटलंय. आपण होऊन. मी बोलावलं नाही, तुम्ही गळ घातली नाही. तिला मनातून वाटलं, आईकडे जावं. आता आजार सांगितला, तर ती आजारासाठी आली असं होईल. मग मला आयुष्यभर कळणार नाही, की ती माझ्यासाठी आली की माझ्या खोकल्यासाठी." मग तिला स्वतःचंच हसू आलं. "शिवाय माझं हे ध्यान बघा. केस नाहीत विंचरलेले, अंगाला औषधाचा वास. आठ दिवसांत उठते मी. मग येऊ दे. दाराशी उभी राहीन तिला घ्यायला."

"पण कारण काय सांगू?"

"हवा," ती म्हणाली. "उकाडा आहे म्हणावं. तुमचं ऐकेल. हवेच्या बाबतीत तुमचा शब्द खाली पडत नाही."

रंगाऱ्याने खिडकीकडे बघितलं. पडदा खोलीच्या मध्यापर्यंत उडत होता. सकाळीच त्याने अंदाज ऐकला होता, आणि इतका चांगला आठवडा त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आकाश निरभ्र. समुद्रावरून मंद ते मध्यम वारे. दुपारचं ऊन सौम्य, रात्री सुखद गारवा. कामावरचा जोडीदार तर खुशीत येऊन फोनवर ओरडला होता, "वेधशाळा, लॉटरी लागली! हातातल्या लॉजच्या दोन्ही बाजू उरकू!"

"माझ्याने नाही होणार," तो म्हणाला. "माझे कान—"

"फोनवर कान दिसत नाहीत," बायको म्हणाली.

संध्याकाळी त्याने फोन लावला. लाऊडस्पीकर चालू ठेवायला तिनेच सांगितलं. तिला लेकीचा आवाज ऐकायचा होता. खोकला येऊ नये म्हणून ती उशी तोंडाशी धरून बसली होती.

"भिंगरे, हवेचं बघितलं मी."

"काय म्हणतेय?"

"वाईट आहे." त्याने पडद्याकडे पाठ केली. "वारा पडलाय सगळा. दमट. पुढचा आठवडाभर नुसता उकाडा सांगितलाय. रात्रीसुद्धा. बाळाचे हाल होतील."

 फोन कट झाला की काय असं त्याला वाटलं.

"हॅलो?"

"आहे मी," भिंगरी म्हणाली. "उकाडा आहे म्हणता."

"हो ना. अचानक. नंतर ये. म्हणजे पुढच्या, नाहीतर त्याच्या पुढच्या... हवा बदलली की मी कळवतोच."

"बरं."

"रागावलीस का?"

"हवेवर काय रागवायचं, बाबा? बघू मग नंतर."

ते 'बघू' त्याला कुसळासारखं टोचलं. त्याने बायकोकडे बघितलं. तिने उशी बाजूला केली होती आणि ती फोनकडे बघत होती, जणू त्यातून आणखी काही येणार आहे.

"आवाज जरा उतरला होता, नाही?" ती म्हणाली.

"उतरणारच. यायचं होतं तिला."

"यायचं होतं ना?" बायकोने त्यातलं तेवढंच उचललं, आणि ते उराशी धरून ती पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी रंगारी कामावर जायला तयार नव्हता, पण तिने त्याला हाकललं. "असली हवा परत मिळायची नाही. तिथे जोडीदार एकटा परांचीवर लोंबकळेल. सिस्टर आहेत इथे. जा."

तो गेला. समुद्राच्या रस्त्यावरचा तो चार मजली लॉज खाऱ्या हवेने सोलून काढला होता. भिंतीवर जागोजागी पापुद्रे सुटले होते. पापुद्रे खरवडून, पुट्टी भरून, घासून, प्रायमर लावून झाला होता. आता रंगाचे दोन हात मारायचे. तो बांबूंच्या परांचीवर चढला आणि पहिला रोलर फिरवला. भिंतीने रंग असा घेतला, की बघत राहावं. कुठे पट्टा नाही, कुठे ओघळ नाही. वारा पाठीवर हलका हात ठेवल्यासारखा येत होता. खाली रस्त्यावरची माणसं उगाच रेंगाळत चालली होती. अशा हवेत माणसांना घरी जावंसं वाटत नाही. रंगाऱ्याला मात्र दर थोड्या वेळाने वाटे, की कुणीतरी आपल्याला पकडेल. प्रत्येक झुळूक त्याला चोरी दाखवून देणाऱ्या माणसासारखी वाटली. दुपारी जोडीदार डबा उघडत म्हणाला, "काय हवा आहे, वेधशाळा!" तर हा उठून नळावर हात धुवायला गेला.

घरी आला तर बायको उशीला टेकून बसली होती. ताप उतरला होता. सिस्टरने तिचे केस विंचरून वेणी घातली होती. तिने मऊ भात खाल्ला आणि वर म्हणाली, मीठ कमी आहे. हे ऐकून त्याच्या जिवात जीव आला. बायको जेवणात खोट काढू लागली, म्हणजे ती बरी होणार.

त्या संध्याकाळी ती खूप बोलली. भिंगरी आली की तिला कुठली खोली द्यायची, पलंग खिडकीपाशी सरकवायचा की आतल्या भिंतीला लावायचा. "आणि ती पोराला किती कपडे घालते, त्यावर मी अवाक्षर काढणार नाही. उघडं ठेवू दे, नाहीतर गोधडीत गुंडाळू दे."

"तुझ्याच्याने राहवेल?"

"नाही राहवणार," ती म्हणाली. "पण तोंडात पदर कोंबेन."

आणखी एक दिवस बरा गेला. गुरुवारी सकाळी इंजेक्शन घेताना ती जरा गप्प होती. "झोप नीट झाली नाही," म्हणाली. तो घुटमळला. तिने हातानेच जा म्हणून खूण केली. लॉजची दुसरी बाजू सुरू करायची होती. तो वरच्या मजल्याच्या खिडकीखाली पोचला असेल-नसेल, तोच खाली जोडीदार रंगाऱ्याचा फोन हातात धरून ओरडायला लागला. रंगारी परांचीवरून कसा उतरला, ते त्याला पुढे कधी आठवलं नाही.

रिक्षात तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज यायचा. सिस्टर पलीकडे बसून तिची नाडी धरून होत्या आणि ड्रायव्हरला बजावत होत्या, "हॉर्न दे रे बाबा, हॉर्न दे." रस्त्याच्या कडेची झाडं कोवळ्या पानांनी भरून गेली होती आणि सगळी एकदम हलत होती. बायकोचे डोळे उघडे होते. तिने काहीतरी विचारलं. त्याने कान तिच्या तोंडाशी नेला.

"तिला... कळवलं?"

"आता कळवतो. लगेच."

"आता कळवा," ती म्हणाली.

दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्याने फोन लावला. या खेपेला आवाज लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. भिंगरीने एकही प्रश्न विचारला नाही. "निघाले," एवढंच म्हणाली.

ती बसमध्ये असतानाच तिची आई गेली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, की हृदयावर ताण आला, असं होतं कधी कधी, सुरुवातीला बरं वाटतं आणि मग अचानक खालावतं. रंगाऱ्याने मान डोलावली. त्याला वाटलं, आपल्याला हवेचा अंदाज सांगताहेत. सिस्टरने त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्या हातावरचा अर्धा ओला रंग स्वतःच्या रुमालाने पुसत बसल्या. तो निघाला नाही.

भिंगरी संध्याकाळी पोचली. नवरा पिशव्या घेऊन मागे, बाळ तिच्या कडेवर, अंगात बिनबाह्यांचं पातळ झबलं. दवाखान्याच्या फाटकातून आत येताना वाऱ्याने तिची ओढणी उडवली, आणि तिने बाळाला ओढणीत गुंडाळून घेतलं. रंगारी पायरीवर उभा होता. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही सांगावं लागलं नाही.

पुढचे दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत गेले. शेवटचं सगळं झालं. जोडीदार आला, चुळबुळत बसला, आणि "लॉजचं मी बघतो" म्हणून गेला. जावई दोन दिवस थांबून नोकरीवर परतला. तो बाहेर पडला तसं घर एकदम मोठं वाटायला लागलं. हवा जशीच्या तशी होती. इतकी चांगली, की भेटायला येणारी माणसं ओशाळून जायची. कुणीतरी उठताना सवयीने "छान वारा येतो हो तुमच्याकडे" म्हणून बसलं आणि जीभ चावून गप्प झालं.

भिंगरी बापाशी बोलत होती, पण कामापुरतं. चहा घ्या. अंघोळीचं पाणी काढलंय. रंगाऱ्याला कळत होतं, की ही वाट बघतेय. आणि तो रोज तिच्यासमोरून उठून दुसऱ्या खोलीत जायचा. शेवटी एका दुपारी, बाळ झोपलं असताना, तिनेच दार अडवलं.

"बाबा, उकाडा कुठे होता?"

त्याचे कान तापले. तो पलंगाच्या कडेला बसला.

"मला दिसत होतं सगळं," ती म्हणाली. "माझ्याकडे काय फोन नाही? तुम्ही बोलत होता ना, तेव्हाच माझ्यासमोर उघडलेलं होतं. निरभ्र. वारा. रात्री गारवा. तुमच्या मागे पडदा फडफडत होता, तोही मला ऐकू येत होता."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" तिचा आवाज चिरकला. "जन्मात मला कधी खोटं सांगितलं नाहीत तुम्ही. तुम्हाला येतच नाही. आणि त्या दिवशी सांगितलंत, तेही हवेबद्दल. मग मी काय समजायचं? मला कळलं, मागे आई बसलीय. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. म्हटलं, तिनेच सांगायला लावलंय. अजून तिच्या मनातून गेलं नाही. मी यायला नकोय तिला."

रंगारी पलंगावरची चादर हाताने सारखी करत राहिला. 

"तिकीट काढून ठेवलं होतं मी," भिंगरी म्हणाली. "तुमच्या फोनच्या आधीच. मंगळवारचं. रद्द केलं. रागाच्या भरात केलं. वाटलं, असू दे. मी काय दाराशी जाऊन भीक मागू?"

मंगळवार.  मंगळवारी बायको उशीला टेकून बसली होती. वेणी घातलेली होती.

मग तो बोलला. पहिल्यापासून. हुडहुडी भरली ते, सिस्टर, डॉक्टर, "लहान मूल घरात नको" ते. सांगता सांगता तो अडखळायचा, मागे जायचा, सुटलेलं भरून काढायचा. भिंगरी उभीच होती. "तिनेच सांगायला लावलं," तो म्हणाला. "ते तुझं खरं आहे. पण का, ते तू उलटं धरलंस. ती म्हणाली, वर्षाने तिला यावंसं वाटलंय. आपण होऊन येतेय ती. मी आजारी पडले म्हणून आली असं व्हायला नको."

"असं म्हणाली?"

"असंच."

"'आपण होऊन' म्हणाली?"

"हो. आठ दिवसांत उठते म्हणाली. दाराशी उभी राहीन म्हणाली तुला घ्यायला."

भिंगरी जमिनीवर बसली. आधी ती रडली नाही. "परत सांगा," म्हणाली. त्याने परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि या वेळी मध्येच तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला, की आत बाळ दचकून जागं झालं. रंगारी उठून बाळाला घेऊन आला. त्याला दोघींना एकदम धरता येईना. तो बाळाला कडेवर घेऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. तिने तो झटकला. मग थोड्या वेळाने स्वतःच ओढून घेतला.

"खरं सांगितलं असतंत तर मी बाळाला ह्यांच्याकडे ठेवून एकटी आले असते," ती म्हणाली. "काहीतरी केलं असतं. दारातून बघितलं असतं. तोंडाला फडकं बांधून बसले असते."

"माहीत आहे."

"दोन दिवस मिळाले असते मला."

"माहीत आहे गं."

"तुम्ही ऐकलंत कशाला तिचं?"

याला रंगाऱ्याकडे उत्तर होतं, पण ते फार साधं होतं. आयुष्यभर तो तिचं ऐकत आला होता आणि कधी काही बिघडलं नव्हतं. ते त्याने सांगितलं नाही.

"मी तुम्हाला माफ केलंय असं नाही, बाबा," बऱ्याच वेळाने भिंगरी म्हणाली. डोळे सुजले होते, पण आवाज तिचा नेहमीचा होता, लहानपणी हट्टाला पेटल्यावर यायचा तसा. "तुम्हालाही नाही, तिलाही नाही. आणि मलाही नाही."

"बरं," तो म्हणाला.

"पण आता एक सांगा. आणि हवा सोडून. तुम्हाला कसं होतंय?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. भेटायला आलेल्यांनी जेवलात का विचारलं होतं, झोप लागते का विचारलं होतं. बाळाने त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं होतं; त्याने ते हळूच सोडवलं.

"मला या खोलीत बसवत नाही," तो म्हणाला. "रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन पडतो. तिथेही नाही बसवत. कामावर जायला निघतो आणि दारातूनच परत येतो. कशातच राहता येत नाही मला, भिंगरे."

 ती उठली, चेहऱ्यावर पाणी मारून आली, बाळाला त्याच्याकडून घेतलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठेही. बाहेर."

तो उठला. दाराशी आल्यावर भिंगरी थांबली, बाळाच्या अंगावरून तिने हात फिरवला, आणि कपाटातून आईची एक जुनी शाल काढली. बाळाला गुंडाळावं की नाही, हे तिला ठरवता येईना. शाल हातात घेऊन ती बराच वेळ तशीच उभी राहिली.  शेवटी तिने ती शाल स्वतःच्याच खांद्यावर घेतली, आणि तिघं बाहेर पडली.